पूल बांधणाऱ्या शकुंतलाबाई भगत

आपल्या भित्तिपत्रकात थोर पुरुषांची माहिती नेहमी येते. या वेळी मी एका इंजिनिअर बाईंची माहिती देत आहे. त्यांचे नाव श्रीमती शकुंतला भगत. त्या पूल बांधत असत. त्यांचे घरच पुलाचे होते. वडील पुलाचे, मुलगी पुलाची आणि जावईसुद्धा पुलाचेच झाले!

शकुंतलाबाईंचा जन्म ६ फेब्रुवारी १९३३ रोजी झाला. त्यांचे वडील एस. बी. जोशी हे पूल बांधणारे नामांकित इंजिनिअर होते. त्या काळी मुलगी शिकली तर बहुतेक शिक्षिका व्हायची. शकुंतलाबाईंनी मात्र वडिलांचीच विद्या घेतली. मुंबईला माटुंग्यात एक मोठे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्याला आता वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे, तेव्हा राणी व्हिक्टोरियाचे होते. तिथून त्या १९५३ साली सिव्हिल इंजिनिअर झाल्या. तिथून सिव्हिलची पदवी घेणारी पहिली मुलगी त्याच. तेव्हा त्यांचे वय फक्त वीस होते. पुढे त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकल्या. परत आल्यावर मुंबईच्या आय. आय. टी. त प्राध्यापक झाल्या. तिथे जड बांधकामांची प्रयोगशाळा होती, तिच्या त्या प्रमुख होत्या.

आता स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणजे काय ते सांगतो. पुलावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, मागून एस. टी. आली, वरून वारा, खालून पाण्याचा जोर. हे सगळे वजन कुठून कुठे जाते आणि ते पेलायला लोखंड किती जाड लागेल, याचा आधी कागदावर हिशेब करणारा तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. हिशेब चुकला तर माणसे मरतात. म्हणून गणिताला कंटाळून चालत नाही.

एक प्रयोग तुम्ही घरी करून बघा. आपण ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करतो ना, तशी चार धाटे घ्या आणि कोपऱ्यांना बाभळीचे काटे टोचून चौकोन करा. एका बाजूने दाबला की चौकोन लगेच वाकडा होतो. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके धाट टोचा. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. मग कितीही दाबा, हलत नाही. धाट मोडेल पण आकार बदलणार नाही. रेल्वेच्या लोखंडी पुलाला बाजूने तिरक्या पट्ट्या असतात त्या याच्यासाठीच. मी हे वर्गात करून दाखवले तेव्हा सगळी पोरं दाबायला आली आणि माझे लई काटे मोडले.

शकुंतलाबाईंचे पती अनिरुद्ध भगत हे मेकॅनिकल इंजिनिअर होते. पुलाचे तुकडे एकमेकांना जोडायचा एक नवा सांधा १९६८ साली निघाला. पुढे १९७० मध्ये नवराबायकोने मिळून ‘क्वाड्रिकॉन’ नावाची कंपनी काढली. त्यांची युक्ती अशी होती की लोखंडाचे ठरलेल्या मापाचे भाग कारखान्यात करून ठेवायचे. मग पूल लांब हवा, आखूड हवा, रुंद हवा, तेच भाग कमीजास्त करून जोडायचे. पण नवीन गोष्टीवर लोक लवकर विश्वास ठेवत नाहीत. पैसा लावायला कुणी तयार होईना. तेव्हा दोघांनी घरचा पैसा घातला. मला ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. पूल पडला असता तर घरही बुडाले असते.

पहिले दोन लहान पूल १९७२ साली हिमाचल प्रदेशात स्पितीला झाले. तो भाग उंच हिमालयात आहे. हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद होतात, म्हणून काम उन्हाळ्यातच उरकावे लागते. अरुंद घाटातून मोठी तुळई नेता येत नाही, लहान भाग नेता येतात. चार महिन्यांत पूल उभे राहिले. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत त्यांचे ६९ पूल झाले. पुढे परदेशातले धरून हा आकडा सुमारे २०० वर गेला. शकुंतलाबाई २०१२ साली वारल्या.

आपल्या सीना नदीला सप्टेंबर २०२५ मध्ये केवढा पूर आला होता ते सर्वांना माहीत आहे. आमच्या वस्तीकडचा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला. आण्णा पलीकडे कामावर अडकले होते आणि आजीच्या बी. पी. च्या गोळ्या त्यांच्याच पिशवीत होत्या. अक्का म्हणाली, “पूल पुरुषभर उंच पाहिजे होता.” तिने वहीत त्याचे चित्रसुद्धा काढले आहे.

आमचे आण्णा गवंडी आहेत. ओळंबा कसा धरायचा ते त्यांनीच अक्काला लहानपणी शिकवले. अक्का यंदा दहावीला आहे. तिला सोलापूरला जाऊन सिव्हिलचा डिप्लोमा करायचा आहे. आत्या म्हणते, बांधकाम हे पोरीचे काम नव्हे. पण आण्णांच्या कामावर वाळूची घमेली बायकाच उचलतात, तेव्हा कुणी असे म्हणत नाही. आण्णा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. नुसते “बघू” म्हणतात.

शनिवारी पालकसभा आहे. आण्णा सुट्टी काढून येणार आहेत. त्यांना चष्म्याशिवाय बारीक दिसत नाही, म्हणून मी एस. बी. जोशी यांचे नाव आणि १९५३ हे साल लाल शाईने मोठे लिहिले आहे, आणि कागद खाली, त्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा लावायला गुरुजींना सांगितले आहे.

– इयत्ता चौथी