पैसे आले का? स्क्रीनशॉटला नको, नोडला विचारा



ग्राहक मोबाइल पुढे करून म्हणतो, "पैसे पाठवलेत, हे बघा." यूपीआयच्या बाबतीत आपण आता शहाणे झालोय. साउंडबॉक्स बोलला की मगच माल हातात देतो. पण उद्या परदेशातल्या ग्राहकाने बिटकॉइन पाठवल्याचा स्क्रीनशॉट धाडला तर? तेव्हा तुमचा साउंडबॉक्स म्हणजे तुमचा स्वतःचा नोड. त्याला प्रश्न विचारायच्या पद्धतीचं नाव आरपीसी, म्हणजे रिमोट प्रोसिजर कॉल. स्वतः पेमेंट घ्यायचं असो किंवा दुकानदारांना पेमेंटचं सॉफ्टवेअर बनवून द्यायचं असो, हा पाया पक्का हवाच.

आरपीसी म्हणजे नक्की काय?

तुम्ही दुकानात आहात आणि गोदामातल्या दिवाणजींना फोन करता, "तांदळाची किती पोती उरली?" मोजणी ते तिथे करतात, तुम्हाला इथे फक्त आकडा मिळतो. आरपीसी अगदी असंच चालतं.

इथले दिवाणजी म्हणजे 'बिटकॉइन कोर' हे मोफत सॉफ्टवेअर. प्रत्येक व्यवहार नियमात बसतो का, हे ते स्वतः तपासतं. त्याला पाठवायच्या चिठ्ठीत मुख्य तीन गोष्टी असतात: मेथड (काय काम करायचं), पॅराम्स (कशावर करायचं) आणि आयडी (चिठ्ठीचा नंबर). उत्तरातही तीनच: रिझल्ट, एरर आणि तोच आयडी. चिठ्ठी जेसन या साच्यात लिहितात. खऱ्या नेटवर्कवर बिटकॉइन कोर ८३३२ या पोर्टवर ऐकतं. इथेरियमचे नोड साधारण ८५४५ वर ऐकतात. तिथे मेथडची नावं वेगळी, पण चिठ्ठीची रीत तीच.

एक रुपयाही न घालवता सराव

खरी साखळी उतरवायला शेकडो जीबी जागा लागते. शिकायला तिची गरज नाही. 'रेगटेस्ट' नावाचं खासगी सराव-नेटवर्क बिटकॉइन कोरमध्येच मिळतं. खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीत, सगळी अक्षरं छोटी आणि नावाच्या मध्ये जागा न सोडता; फक्त 'बिटकॉइन सीएलआय' मध्ये सीएलआयच्या आधी जोडरेघ (हायफन) टाका.

१. 'बिटकॉइन डी' हा प्रोग्रॅम रेगटेस्ट पर्याय लावून सुरू करा. सोबत 'फॉलबॅक फी' ०.०००२ द्या, नाहीतर पुढे पैसे पाठवताना फीवरून अडेल.

२. दुसऱ्या खिडकीत 'बिटकॉइन सीएलआय' वापरा. तुमच्या वतीने चिठ्ठ्या पाठवणारा पोऱ्या हाच. त्यालाही दरवेळी रेगटेस्ट सांगावं लागतं.

३. 'क्रिएट वॉलेट' ने वॉलेट उघडा, 'गेट न्यू ॲड्रेस' ने पत्ता घ्या.

४. 'जनरेट टू ॲड्रेस' ला १०१ ब्लॉक काढायला सांगा. १०१ का? नव्या ब्लॉकचं बक्षीस त्यावर आणखी १०० ब्लॉक चढल्याशिवाय खर्च करता येत नाही. आता 'गेट बॅलन्स' विचारा. ५० दिसतील. अर्थात सरावाचे!

५. आणखी एक पत्ता घ्या. हा समजा बिलावरचा. 'सेंड टू ॲड्रेस' ने त्यावर १ बिटकॉइन पाठवा. लगेच ६४ अक्षरांचा व्यवहार क्रमांक मिळेल.

इथे थांबा. ग्राहक स्क्रीनशॉटमध्ये जास्तीत जास्त हाच क्रमांक दाखवतो. आता 'गेट रिसीव्ह्ड बाय ॲड्रेस' ने त्या पत्त्याबद्दल विचारा. उत्तर काय? शून्य!

६. एक ब्लॉक काढा आणि पुन्हा विचारा. आता उत्तर येईल १.

या शून्यात आणि एकात तुमचा माल अडकलेला असतो. ब्लॉकमध्ये न गेलेला व्यवहार पाठवणारा जास्त फी लावून दुसरीकडे वळवू शकतो. खऱ्या नेटवर्कवर ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो. मोठ्या रकमेला ६ ब्लॉक, म्हणजे साधारण तासभर थांबायचा रिवाज आहे. प्रत्येक बिलाला नवा पत्ता द्या, म्हणजे कोणाचे पैसे आले याचा घोळ होत नाही.

आणि खऱ्या नेटवर्कवर आधी 'गेट ब्लॉकचेन इन्फो' विचारा. ब्लॉक्स आणि हेडर्स हे आकडे जुळत नसतील तर दिवाणजींची वही अजून अपुरी आहे. त्यांचं 'शून्य' तेव्हा धरू नका.

खिडकी उघडी टाकू नका

ज्या खिडकीतून शिल्लक विचारता येते, तिथूनच 'सेंड टू ॲड्रेस' सुद्धा चालतं. म्हणजे चौकशीची खिडकी आणि तिजोरीचं दार एकच! इथेरियमच्या जगात उघडे राहिलेले ८५४५ पोर्ट शोधून चोरांनी लोकांची खाती रिकामी केली. २०१८ मध्ये समोर आलेल्या अशा एका चोरीची किंमत तेव्हाच्या भावाने २ कोटी डॉलरच्या वर होती.

म्हणून तीन पथ्यं:

• बिटकॉइन कोरची खिडकी मुळात फक्त त्याच कॉम्प्युटरसाठी उघडी असते. सेटिंग बदलून ती सगळ्या जगाला उघडू नका.

• दुसरीकडून विचारायचंच असेल तर एसएसएच बोगद्यातून जा. नुसत्या आरपीसीत पासवर्ड लपवलेला नसतो.

• चौकशीच्या मशिनवर फक्त पाहण्यापुरतं वॉलेट ठेवा. खासगी किल्ल्या तिथे नसतील तर चोराला नेण्यासारखं काही नसतं.

खरे पैसे घेण्याआधी सीएशी बोला. भारतात बिटकॉइन अधिकृत चलन नाही. त्याच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएसचा नियमही आहे.

गृहपाठ: मुद्दाम चुकीचं मेथड नाव टाका. 'मेथड नॉट फाउंड' असा एरर येईल. मग पासवर्ड चुकवून बघा, ४०१ मिळेल. दोन्ही वहीत लिहून ठेवा. पहिल्यात चिठ्ठी चुकली, दुसऱ्यात दारच उघडलं नाही. ग्राहक समोर उभा असताना हा फरक माहीत असेल तर घाम फुटणार नाही.