जुन्या फ्लॉपीतला मजकूर काढून देणे : डीटीपी-झेरॉक्स दुकानासाठी एक छोटा जोडधंदा



समजा, चिखली किंवा मेहकरला तुमचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. एक निवृत्त गुरुजी येतात, पिशवीतून प्लास्टिकची डबी काढतात आणि विचारतात, "भाऊ, याच्यातलं काही निघेल का?" डबीत दहा फ्लॉप्या. लेबलवर पेनाने लिहिलंय, 'स्मरणिका', 'कविता', 'वंशावळ'. तुम्ही काय म्हणाल? बहुतेक दुकानदार हसून म्हणतात, "सर, आता फ्लॉपी कुठे राहिली!" आणि गिऱ्हाईक परत जातं.

व्हिडिओत मी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह जोडून दाखवला. इथे तो धंदा म्हणून कसा करायचा ते सविस्तर बघू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. गिऱ्हाइकाला फ्लॉपी वाचून नको असते, त्याला आतला मजकूर वाचता यायला हवा असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली मेहनत आणि आपली कमाई दुसऱ्या गोष्टीत आहे.

हे काम अजून शिल्लक का आहे?

सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ च्या मार्चमध्ये बंद केली. जपान सरकारच्या नियमांत मात्र फ्लॉपी टिकून होती, ती २०२४ मध्ये हटली. आपल्याकडेही २००३ नंतर टीडीएसचं विवरणपत्र संगणकीय स्वरूपात द्यायचं ठरलं, तेव्हा फाइल फ्लॉपीत किंवा सीडीत घालून, सोबत कागदी फॉर्म २७ए जोडून द्यावी लागायची. म्हणजे करसल्लागार, छापखाने, डीटीपीवाले, शाळा, सहकारी संस्था यांच्या कपाटात फ्लॉप्या असणारच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात टॉम पर्स्की नावाचे गृहस्थ फ्लॉपीचा जमाना संपल्यावरही तिचाच धंदा करत राहिले. बाकीचे सोडून गेले, ते टिकले, म्हणून काम त्यांच्याकडे येत राहिलं. पण त्यांची बाजारपेठ सगळं जग होती, आपली एक-दोन तालुके. म्हणून यासाठी वेगळं दुकान थाटू नका. चालू दुकानाला जोड म्हणूनच करा.

सामान काय लागतं?

१. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह, साडेतीन इंची. विंडोज १० किंवा ११ ला जोडला की सहसा वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, 'ए' किंवा 'बी' नावाने दिसतो. वायर थेट कॉम्प्युटरला लावा, हबमध्ये नको. हबमधून वीज कमी पडली तर ड्राइव्ह मध्येच अडखळतो.

२. जमलं तर दुसऱ्या बनावटीचा आणखी एक ड्राइव्ह. एका ड्राइव्हला न वाचलेली फ्लॉपी दुसऱ्याला वाचता येते, कारण प्रत्येकाचं हेड किंचित वेगळ्या जागी बसलेलं असतं.

३. हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा मऊ बोळा.

हा ड्राइव्ह काय वाचणार नाही, तेही माहीत हवं. सव्वापाच इंची मोठी, लवचिक फ्लॉपी यात बसतच नाही. जुन्या मॅकिंटॉशच्या ८०० केबीच्या फ्लॉप्या बसतात, पण वाचता येत नाहीत. अशा कामाला सरळ नाही म्हणा.

फ्लॉपी हातात आल्यावर

पहिली पायरी : कुलूप. फ्लॉपी उलटी करा. एका कोपऱ्यात छोटी सरकपट्टी असते. ती सरकवून भोक उघडं करा, आरपार दिसलं पाहिजे. आता या फ्लॉपीवर काही लिहिलं जाणार नाही, पुसलंही जाणार नाही. हे केल्याशिवाय फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही.

दुसरी पायरी : बुरशी बघा. पत्र्याची झडप बाजूला सरकवा, मागची गोल चकती बोटाने हळूच फिरवा आणि आतली काळी तबकडी उजेडात बघा. तबकडीला बोट लावू नका. पांढुरके डाग किंवा ओरखडे दिसले तर ती फ्लॉपी बाजूला काढा. बुरशीवाली फ्लॉपी हेड खराब करते आणि खराब हेड पुढच्या गिऱ्हाइकाची चांगली फ्लॉपी ओरबाडतं. आपल्याकडे पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात धूळ, दोन्ही असतं. त्यामुळे ही तपासणी टाळू नका.

तिसरी पायरी : पूर्ण नक्कल. एकेक फाइल उघडून बघत बसू नका. फ्लॉपी जितकी जास्त फिरेल तितकी झिजेल. आधी अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल म्हणजे 'इमेज' काढा आणि पुढचं सगळं काम त्या नकलेवर करा. एका फ्लॉपीत ८० वर्तुळं, दोन बाजू, प्रत्येक वर्तुळात १८ भाग आणि प्रत्येक भागात ५१२ बाइट. गुणाकार करा, १४,७४,५६० बाइट होतात. तीच ती १.४४ एमबी. इमेजची फाइल बरोबर एवढी भरली तर नक्कल पूर्ण लांबीची आहे. पण मध्ये वाचता न आलेले भाग आहेत का, ते प्रोग्रामच्या नोंदीत वेगळं बघा. चांगली फ्लॉपी साधारण एका मिनिटात वाचून होते.

लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम यासाठी उत्तम आहे. तो आधी सोपे भाग वाचून घेतो, अडलेले भाग शेवटी पुन्हा पुन्हा वाचून बघतो आणि काय वाचलं याची नोंद ठेवतो. तीच नोंद वापरून दुसऱ्या ड्राइव्हवर फक्त राहिलेले भाग वाचता येतात. कमांड देताना 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल करू नका. इमेजमधल्या फाइली बाहेर काढायला सेव्हन-झिप चालतं.

'फॉरमॅट' विचारलं तर?

फ्लॉपी नीट वाचता आली नाही की विंडोज विचारतं, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? उत्तर एकच, कॅन्सल. मी स्वतः एकदा घाईत 'हो' दाबलंय. फ्लॉपी माझीच होती, माझ्या पहिल्या वर्गाच्या नोट्स होत्या, कोपऱ्यातली पट्टी बंद होती. हेड साफ करून ती कदाचित वाचली असती. आता ती रिकामी आहे. माझ्या नोट्स गेल्या, मी पुन्हा लिहिल्या. गुरुजींची वंशावळ गेली असती तर ती सांगणारी माणसं आज असतीलच असं नाही. म्हणून कुलूप ही पहिली पायरी आहे.

फाइल निघाली, पण मराठी कुठे आहे?

इथे बरेच जण फसतात. फाइल उघडते आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, खराब झाली. तसं नसतं. युनिकोड येण्याआधी मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये टाइप व्हायचा. हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. तो फाँट तुमच्याकडे नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

उपाय म्हणजे कन्व्हर्टर, जो जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणतो. पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. त्यामुळे 'कि' आणि 'ति' असलेल्या शब्दांत वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. रफार आणि जोडाक्षरंही अशीच चुकतात. म्हणून प्रत्येक पान वाचून तपासा, नावं आणि आकडे दोनदा.

पेजमेकरच्या फाइलींची वेगळी अडचण. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ मध्ये आली. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या त्या फाइली उघडतात, नंतरच्या सीसी आवृत्त्या उघडत नाहीत. जुना डीटीपी कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी हे आठवा.

हिशोब

आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका. दहा फ्लॉप्या आल्या, सात वाचता आल्या. वाचलेल्या फ्लॉपीला १०० रुपये, म्हणजे ७०० रुपये. तपासणी, सफाई, अडलेल्या फ्लॉप्यांवरचे प्रयत्न धरून तीन तास गेले. तासाला साधारण २३३ रुपये.

आता त्यातल्या ४० पानांचा मजकूर युनिकोडमध्ये आणून, तपासून दिला. पानाला ४० रुपये, म्हणजे १,६०० रुपये, वेळ पाच तास. तासाला ३२० रुपये. शिवाय तीच स्मरणिका नव्याने छापायचं काम तुमच्याकडेच येऊ शकतं.

पण एक अट आहे. पानाचा तुमचा दर गावातल्या टायपिंगच्या दरापेक्षा कमी हवा. नाहीतर गिऱ्हाईक छापील प्रत घेऊन पुन्हा टाइप करून घेईल आणि ते बरोबरच आहे. म्हणून पहिला प्रश्न विचारा, "सर, याची छापील प्रत आहे का?" असेल तर स्कॅन किंवा टायपिंग सुचवा, जे त्यांना स्वस्त पडेल ते. आज शंभर रुपये कमी मिळतील, पण माणूस पुढच्या कामाला तुमच्याकडेच येईल.

काम घेण्याआधी हे बोला, आणि पावतीवर लिहा

- सगळ्या फ्लॉप्या वाचल्या जातीलच असं नाही. जी वाचली नाही तिचे पैसे नाहीत.
- फ्लॉप्या मोजून घेतल्या, मोजून परत देणार. मूळ फ्लॉपी फेकू नका असं सांगा.
- मजकूर पेन ड्राइव्हवर देऊ, आमच्या कॉम्प्युटरवर पंधरा दिवस ठेवू आणि मग पुसू. हिशोब, पॅन क्रमांक, घरगुती पत्रं असतात. ती दुकानातल्या पोरांनी वाचत बसायची नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

ड्राइव्ह आज विकत घेऊ नका. आधी तुमच्या गावातल्या पाच जणांना भेटा : एक छापखाना, एक जुना डीटीपीवाला, एक करसल्लागार, एक शाळा, एक लिहिणारा माणूस. विचारा, "फ्लॉप्या आहेत का, आणि त्यातलं काय हवंय?" दोघांनी नेमकं काय हवंय ते सांगितलं, तर ड्राइव्ह मागवा. पाचही जण "असतील कुठेतरी" म्हणाले, तर पैसे खिशात ठेवा. माल घेण्याआधी गिऱ्हाईक शोधायचं, हा नियम फ्लॉपीलाही लागू आहे.

ड्राइव्ह आला की पहिली फ्लॉपी स्वतःची किंवा घरातली वाचा. गुरुजींच्या फ्लॉपीवर शिकायचं नाही.

पाच भेटींत काय कळलं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!