तलाव दिसतो, भूजल दिसत नाही

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगनगरी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या शिवारात ती वसू लागली. त्यापूर्वी येथे शेती होती आणि शेतीसाठी बांधलेले तलाव होते. कन्नड भाषेत अशा तलावाला ‘केरे’ म्हणतात.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. जवळून मोठी बारमाही नदी वाहत नाही. म्हणून पूर्वजांनी उतारावर बांध घालून पावसाचे पाणी अडवले. एक तलाव भरला की जादा पाणी ‘राजकालुवे’ या नाल्यांतून खालच्या तलावात जाई. अशी तलावांची साखळी निर्माण झाली.

येथील खडक कठीण आहे. पाणी त्याच्या झिजलेल्या वरच्या थरात आणि भेगांत साठते. पावसाळ्यात तलावाचे पाणी जमिनीत मुरते. भूजलाची पातळी उंच असेल, तर पाऊस सरल्यावर तेच पाणी सखल भागात पाझरून वर येते. त्यामुळे काठ ओलसर राहतो व तेथे लव्हाळे, पाणकणीस वाढतात. पाणी ओसरले की उघड्या चिखलातील किडे टिपण्यास तुतवारासारखे पक्षी येतात. भरणे आणि ओसरणे हाच पाणथळ जागेचा श्वास होय.

हा श्वास दोन प्रकारे कोंडतो. बोअरवेलने अतोनात उपसा झाला, तर भूजल तलावाच्या तळाखाली उतरते आणि तलाव लवकर आटतो. उलट, सांडपाणी सोडले तर तलाव बारा महिने भरलेला दिसतो. परंतु पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरतात. म्हणून भरलेला प्रत्येक तलाव निरोगी असतोच असे नाही.

२०२३ साली पाऊस अपुरा पडला. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरमधील हजारो बोअरवेल कोरड्या पडल्या आणि अनेक वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागली. याउलट, इलेक्ट्रॉनिक सिटीपासून जवळच, आनेकल तालुक्यातील क्यालसनहळ्ळीचा तलाव २०१७ साली गाळ काढून खोल करण्यात आला व पावसाने पुन्हा भरला.

आपल्या गावातील तलाव व विहिरी यांचेही असेच नाते आहे. एकाचे रक्षण केल्याशिवाय दुसरे टिकणार नाही.

स्वाध्याय
१. ‘राजकालुवे’ बुजवल्यास तलावांच्या साखळीवर कोणता परिणाम होईल?
२. तलाव भरलेला असूनही आजारी का असू शकतो?
३. आपल्या परिसरातील विहिरीची पाणीपातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहून नोंद करा.