हिरवी टेस्ट आणि मुकाट मेलेला थ्रेड

आत्या आणि सई दोघी कल्पित आहेत. या विषयावर सरळ लेख लिहायला घेतला की त्याचं व्याख्यान होतं, म्हणून शंका सईच्या तोंडी घातल्या. त्या बहुतेक माझ्याच आहेत. भाषा जावा, टेस्ट जेयुनिटच्या.

सई: आत्या, टेस्टमध्ये एक थ्रेड सुरू केलाय आणि त्या थ्रेडच्या आत असर्शन आहे. गंमत म्हणून अपेक्षित उत्तर चुकीचं लिहून पाहिलं, पाचाच्या जागी सात. तरी टेस्ट हिरवीच! कन्सोलवर भलामोठा स्टॅक ट्रेस आणि खाली निकाल काय, तर सगळं पास.

आत्या: गंमत म्हणून कसली, सगळ्यात शहाण्यासारखं काम तेच केलंस. टेस्ट लिहिली की ती मुद्दाम पाडून बघावी, पण बघतं कोण? आता हे होतं का, ते ऐक. असर्शन फेल होणं म्हणजे असर्शनएरर फेकली जाणं, बाकी काही नाही. जेयुनिटचा रनर तुझी मेथड चालवतो आणि तिच्यातून काही उडून बाहेर आलं का, तेवढं पाहतो. आलं तर लाल, नाही तर हिरवं. पण फेकलेली वस्तू वर चढते ती ज्या थ्रेडमध्ये उडाली त्याच थ्रेडच्या स्टॅकवरून. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक वेगळा. तुझ्या नव्या थ्रेडच्या स्टॅकच्या मुळाशी रन ही मेथड आहे आणि तिच्या पलीकडे जेयुनिट नाही, जेव्हीएम आहे. जेव्हीएम त्या थ्रेडसाठी नेमलेला अनकॉट एक्सेप्शन हँडलर शोधतं. कुणी नेमलाच नसेल तर स्टॅक ट्रेस स्टँडर्ड एररवर छापतं आणि थ्रेड संपवून टाकतं. पुढच्या दारावर बसलेल्या पहारेकऱ्यानं ‘कुणी बाहेर पडलं नाही’ असं इमानदारीत लिहून द्यावं आणि वाड्याला मागचं दार आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसावं, तसं हे. हिरव्या टेस्टचा अर्थ ‘कोड बरोबर आहे’ असा नसतो. टेस्टच्या स्वतःच्या थ्रेडमध्ये काही पडलं नाही, एवढाच तो अर्थ.

सई: म्हणजे मी थ्रेड संपायची वाट बघायला हवी होती. जॉइन लावते, संपलं.

आत्या: संपलं कुठलं? तू दोन चुका एकीत घालतेयस. एक, टेस्ट आधी संपते आणि थ्रेडचं काम मागे राहतं. त्याला जॉइन पुरतं. दुसरी, थ्रेड मेला तरी ती बातमी टेस्टपर्यंत पोचत नाही. त्याला जॉइनचा काडीचा उपयोग नाही. जावाचं जॉइन ‘थ्रेड संपला’ एवढंच सांगतं. काम उरकून संपला की अर्ध्यात कोसळला, हे त्याच्या निरोपात नसतं. हे असंच असावं लागतं असंही नाही. रस्टमध्ये जॉइन केलं की रिझल्ट हातात पडतो आणि थ्रेड पॅनिक होऊन गेला असेल तर तसं त्यात लिहिलेलं असतं. सी प्लस प्लसमध्ये थ्रेडमधून एक्सेप्शन निसटलं तर अख्खा प्रोग्रॅम बंद पडतो, गो भाषेत गोरुटीनमधलं न सावरलेलं पॅनिक तेच करतं. डॉटनेटच्या पहिल्या आवृत्त्या असली एक्सेप्शन्स गिळून टाकत. 2005 साली आलेल्या 2.0 पासून प्रोसेसच संपवायचं ठरलं. जावा मात्र कागदावर चार ओळी छापून पुढे जातं. ते छापलेलं बिल्डच्या हजारो ओळींत कोण वाचणार?

सई: पण जॉइन करायचं म्हटलं तरी थ्रेड अडकला तर टेस्ट कायमची लटकेल. मग किती वेळ थांबायचं? आमच्याकडे सगळे अर्ध्या सेकंदाचा स्लीप टाकतात.

आत्या: स्लीपचं नाव काढू नकोस! स्लीप म्हणजे अंदाज. मशीन संथ असलं की अर्धा सेकंद कमी पडतो आणि टेस्ट विनाकारण पडते. मशीन चपळ असलं की काम दोन मिलिसेकंदांत होतं आणि उरलेला वेळ आपण भिंतीकडे बघत बसतो. अशा चारशे टेस्ट साठल्या की बिल्डची तीन-सव्वातीन मिनिटं निव्वळ झोपण्यात जातात. मग कुणीतरी स्लीप कमी करतं, टेस्ट अधूनमधून पडायला लागतात, त्यांना ‘फ्लेकी’ असं लाडाचं नाव मिळतं आणि पडली की आपोआप पुन्हा चालवायची सोय बिल्डमध्ये केली जाते. तीनदा चालवून एकदा पास झाली की पास! एखादी रेस कंडिशन तीनांत दोनदा तोंड दाखवत असताना तिला तोंड झाकायला पदर द्यायचा, याला मी काय म्हणावं? कॉलेजात प्रोड्यूसर-कन्झ्युमर घोटून घेतात, डायनिंग फिलॉसॉफर्सची चित्रं काढायला लावतात. पण प्रोड्यूसर मध्येच मेला तर कन्झ्युमरला ते कळणार कसं, हा प्रश्न पेपरात येत नाही.

(आत्या या विषयावर आणखी दोन पानं बोलू शकते. पुढे जाऊ.)

सई: पण आत्या, स्लीप नको तर किती सेकंद?

आत्या: सेकंदांवर अडू नकोस, आधी वाट बघायची कशाची ते ठरव. जावा 5 पासून, म्हणजे 2004 पासून, यासाठी चांगली हत्यारं आहेत. काम थेट थ्रेडला न देता एक्झिक्युटर सर्व्हिसला सबमिट कर. ती तुला एक फ्यूचर देते. कामातून जे काही उडेल, एक्सेप्शन असो वा एरर, ते फ्यूचर पकडून जपून ठेवतं. तू टेस्टच्या थ्रेडमधून गेट म्हणालीस की ते एक्झिक्युशन एक्सेप्शनमध्ये गुंडाळून तुझ्याच स्टॅकवर फेकलं जातं. आता ते पुढच्या दारानं बाहेर पडतं, रनर बघतो, टेस्ट लाल होते, आणि मूळ कारण आत शाबूत असतं. वाट बघणं आणि बातमी आणणं ही दोन्ही कामं एका ओळीत झाली.

सई: हे पटलं. आमच्याकडे काउंटडाउन लॅच वापरतात, तोही चालेल ना?

आत्या: चालेल, पण त्यात दोन खड्डे आहेत. वर्कर थ्रेड काउंटडाउन करायच्या आधीच कोसळला तर टेस्ट पूर्ण मुदत संपेपर्यंत तिष्ठते आणि शेवटी ‘वेळ संपली’ म्हणते. खरं कारण, समजा एक साधं नल पॉइंटर, दुसरीकडेच छापलेलं असतं. म्हणून काउंटडाउन फायनलीमध्ये हवं आणि एरर वेगळी धरून आणायला हवी. दुसरा खड्डा याहून वाईट. मुदतीसह अवेट केलं तर मुदत संपल्यावर ते एक्सेप्शन फेकत नाही, नुसतं फॉल्स परत देतं. ते उत्तर न तपासता पुढे जाणाऱ्या टेस्ट ढिगानं आहेत.

सई: बघ, मुदत शेवटी आलीच! ती किती?

आत्या: बरं बाई. मुदत आणि स्लीप यांत फरक काय? स्लीपची किंमत टेस्ट पास झाली तरी दर वेळी मोजावी लागते. मुदतीची किंमत फक्त सगळं बिघडलं असेल तेव्हा. गेटला तीस सेकंद दिले आणि काम तीन मिलिसेकंदांत झालं तर तू तीन मिलिसेकंदच थांबतेस. मग मुदत सढळ हातानं द्यायला काय हरकत आहे?

सई: आणि बिल्ड सर्व्हरवर इतका भार असला की तीस सेकंदही पुरले नाहीत, तर? टेस्ट खोटीच पडेल.

आत्या: पडू दे. खोटी लाल टेस्ट ओरडते, कुणीतरी उठून बघतं. खोटी हिरवी टेस्ट गप्प बसते. दोहोंतला धोका सारखा नाही. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. मुळाशी तारांना लागलेली झाडं होती आणि इतरही कारणं होती. पण ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे देणारं सॉफ्टवेअर दुपारी सव्वादोनच्या सुमारास एका रेस कंडिशनमुळे अडकलं होतं. ते अडकलंय हे सांगणारं कुणी नव्हतं. पडदे शांत, म्हणून ऑपरेटरांना वाटलं तारा ठीक आहेत. न हाताळलेल्या घटनांची रांग वाढत गेली, मुख्य सर्व्हर पडला, मग राखीवही पडला. चार वाजून दहा मिनिटांच्या आसपास अंधार पसरला. रेस कंडिशन वाईट होतीच. पण तिच्यामुळे आलेली शांतता ‘सगळं ठीक’ अशी वाचली गेली, हे मला जास्त वाईट वाटतं.

सई: पण मग ती रेस टेस्टमध्ये का नाही सापडली? दहा हजार वेळा चालवली असती तर?

आत्या: तेच सॉफ्टवेअर जगभर मिळून तीस लाखांहून अधिक तास चाललं होतं आणि तो दोष कधी दिसला नव्हता, असं ते बनवणाऱ्यांनीच नंतर सांगितलं. बर्कलीच्या एडवर्ड ली यांचा 2006 चा लेख आहे थ्रेडच्या संकटावर. त्यांच्या टॉलेमी प्रकल्पात कोडची समीक्षा होत होती, रोज रात्री बिल्ड होत होती, टेस्ट प्रत्येक ओळीवरून जात होत्या. तरी चार वर्षांनी, 26 एप्रिल 2004 रोजी, तो कोड डेडलॉकमध्ये अडकला. हिशेब करून बघ. दोन थ्रेड, प्रत्येकी दहा पायऱ्या, तर त्यांची सरमिसळ 1,84,756 प्रकारे होते. तिसरा तसाच थ्रेड आला की आकडा साडेपाच लाख कोटींवर जातो. तुझ्या दहा हजार फेऱ्या बहुधा त्याच चार-सहा ठरलेल्या सरमिसळींतून पुन्हा पुन्हा जातील, कारण शेड्यूलर लहरी असला तरी पासे टाकत नाही.

सई: मग थ्रेडच्या कोडची टेस्ट लिहिण्यात अर्थच काय? तू आधी म्हणालीस हिरवीवर विश्वास नको, आता म्हणतेस फेऱ्यांवरही नको.

आत्या: रास्त आक्षेप आहे. म्हणूनच दोन कामं वेगळी काढ. कोडमध्ये ठरवायचं काय, हे एका साध्या क्लासमध्ये ठेव. तो थ्रेडवर चालवायचा कसा, हे बाहेर ठेव. एक्झिक्युटर बाहेरून दे आणि टेस्टमध्ये असा दे जो काम तिथल्या तिथे, त्याच थ्रेडवर उरकतो. नव्वद टक्के टेस्ट मग थ्रेडविनाच होतात आणि असर्शन आपोआप योग्य दारानं बाहेर येतं. तू म्हणशील, यात थ्रेडची परीक्षा झालीच नाही. नाहीच झाली. ती वेगळी घ्यायची. लॉक आणि सामाईक व्हेरिएबल जिथे आहेत त्या तेवढ्या भागासाठी ओपनजेडीकेचं जेसीस्ट्रेस आहे, सी प्लस प्लसला थ्रेड सॅनिटायझर, गोला 2013 पासून रेस डिटेक्टर. हे डिटेक्टर फार कामाचे, पण जो रस्ता चाललाच नाही त्यातली रेस त्यांनाही दिसत नाही.

सई: सगळ्या टेस्टसाठी एकदाच डीफॉल्ट अनकॉट हँडलर लावला तर? फ्यूचरची कटकट नको.

आत्या: जाळी म्हणून लाव, भिस्त ठेवू नकोस. तो अख्ख्या जेव्हीएमला एकच असतो. टेस्ट समांतर चालल्या तर एकीचं पाप दुसरीच्या माथी. आणि फ्यूचरनं गिळलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण ते अनकॉट नाही, पकडलेलंच आहे. एक्झिक्युटला दिलेलं काम कोसळलं तर निदान स्टॅक ट्रेस दिसतो. सबमिटला दिलेलं काम कोसळलं आणि गेट कुणी केलंच नाही, तर तेवढंही नाही. तसंच वर्करच्या लूपमध्ये थ्रोएबल पकडून लॉग करायची सवय. एक्सेप्शन एवढंच पकडलं तर असर्शनएरर त्यातून निसटते, कारण ती एररच्या घराण्यातली. थ्रोएबल पकडलं तर तुझं असर्शन लॉगमध्ये पुरलं जातं.

सई: आमच्या प्रॉडक्शन कोडमध्ये तर सबमिट करून फ्यूचर टाकून देतात. दर मिनिटाचं एक काम आहे, स्केड्यूल ॲट फिक्स्ड रेटवर. तेही तसंच.

आत्या: बघ, टेस्टचा प्रश्न म्हणून सुरू झालं आणि कुठे पोचलो. त्या मेथडच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, एका फेरीत एक्सेप्शन आलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या बंद. आवाज नाही, छापील ओळ नाही. टेस्टला बातमी कळत नव्हती, तीच प्रॉडक्शनलाही कळत नाही. त्यामुळे टेस्ट लिहायला अवघड गेली ही टेस्टची खोड नव्हे, कोडमध्येच बातमी परत यायची वाट नाही. पायथनने 3.11 मध्ये टास्क ग्रुप आणला, त्यात पोटातल्या कामांचा निकाल लागल्याशिवाय ब्लॉक संपतच नाही आणि एक पडलं की ते वर येतं. जावातही 21 पासून तसाच प्रकार प्रिव्ह्यूमध्ये आहे.

सई: आम्ही अजून जावा 8 वर आहोत.

आत्या: असू दे. सबमिटनं दिलेलं प्रत्येक फ्यूचर कुणाच्या तरी ताब्यात हवं, आणि त्यानं गेट करायला हवं. दर मिनिटाच्या कामात आतच ट्राय-कॅच घाल, पण पकडलेलं नुसतं लॉग करू नकोस. शेवटची यशस्वी फेरी कधी झाली ती वेळ जपून ठेव आणि ती फार जुनी झाली तर अलार्म वाजू दे. मग टेस्ट लिही: पहिल्या फेरीत मुद्दाम एक्सेप्शन फेकायचं आणि दुसरी फेरी झाली का, ते बघायचं.

सई: दुसऱ्या फेरीसाठी एक मिनिट थांबू?

आत्या: अगं, मिनिट बाहेरून दे कन्स्ट्रक्टरला. टेस्टमध्ये दहा मिलिसेकंद.