सायकलचा ब्रेक आणि परिबल

अमेरिकेत मोठ्या दुकानांतून खडीच्या रस्त्यांसाठी स्वस्त ‘ग्रॅव्हल’ सायकली मिळतात. त्यांतील पुष्कळांना केबलने ओढले जाणारे चकतीचे ब्रेक असतात. समजा, चाकाची त्रिज्या ३५ सेंमी आहे आणि ब्रेकचे पॅड आसापासून ७ सेंमी अंतरावर चकती दाबतात. परिबल म्हणजे बल × त्रिज्या. म्हणून रस्त्यावर १०० न्यूटन रोधक बल हवे असल्यास चकतीवर पाचपट, ५०० न्यूटन, घर्षण लागते!

नवी केबल वापराने थोडी सैल पडते. मग लिव्हर मुठीला टेकते, तरी एवढे बल मिळत नाही. अशा वेळी जुळणीच्या स्क्रूने केबल ताणावी. मात्र चाक मोकळे फिरले पाहिजे. सायकल हाताने ढकलत ब्रेक तपासावा, मगच उतारावर जावे.

रिमवर लागणाऱ्या ब्रेकसाठी हे गुणोत्तर किती येईल? मोजून पाहा.