एकाच मालात तरबेज : धाटावचा धडा



जागतिकीकरण हा शब्द सभांतून पुष्कळ ऐकू येतो. त्याने कारखानदारीत नेमके काय घडते, ते आज रोहा तालुक्यातल्या धाटाववरून समजून घेऊ.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांचा भरणा आहे. त्यांपैकी काहींचा मुख्य माल रंगद्रव्ये, म्हणजे पेंट, छपाईची शाई, प्लॅस्टिक यांना रंग आणणारी भुकटी. डबाभर पेंटला ती थोडीच लागते. मग एवढ्यावर कारखाना चालतो कसा? तर गिऱ्हाईक जगभर आहे म्हणून. खेड्यातल्या दुकानदाराला मीठ-मिरचीपासून दोरखंडापर्यंत सगळे ठेवावे लागते. शहराच्या पेठेत नुसत्या दोरखंडाचे दुकान चालते. बाजार जितका मोठा, तितकी कामाची वाटणी बारीक, हे ॲडम स्मिथने 1776 सालीच सांगितले. एकच माल करीत राहिले की हात बसतो, खर्च उतरतो.

आता दुसरी बाजू बघा. धाटावचा असा एक कारखाना स्विस क्लॅरियंट कंपनीच्या ताब्यात होता. जानेवारी 2022 मध्ये तिचा रंगद्रव्यांचा धंदा जर्मनीच्या ह्युबाखकडे गेला. वाढते खर्च आणि व्याज यांनी ह्युबाख जेरीस आली. एप्रिल 2024 मध्ये तिने तिकडे दिवाळखोरीचा अर्ज केला. शेवटी मार्च 2025 मध्ये तिचा जगभरचा धंदा घेतला कोणी, तर पुण्यात 1951 साली निघालेल्या आणि धाटावातही कारखाना असलेल्या सुदर्शन केमिकलने! म्हणजे खास कसब असले तर आपला माणूसही जगाच्या बाजारात मालक होतो. पण युरोपातल्या कर्जाची झळ रोह्यापर्यंत पोचते, हेही तितकेच खरे.

आपले काय? आपणही एकाच पिकाचे. 2021-22 च्या हंगामात देशातून सुमारे 110 लाख टन साखर बाहेर गेली. बंधने आल्यावर पुढच्या हंगामात ती 60 लाख टनांच्या आसपास आली. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉललाही काही काळ चाप बसला होता. तेव्हा साखर, इथेनॉल, वीज अशी दारे एकाहून अधिक हवीत, आणि एखादे बंद झालेच तर उसाचे बिल थकू नये एवढी गंगाजळीही हवी.

वार्षिक सभेत लाभांश जरूर विचारा; पण त्याआधी गंगाजळी किती, हे विचारा.