तिकिटावरच्या वेळा आणि आईचं इन्सुलिन

मुंबई ते टोकियो हवाई अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. जाताना तेवढंच, येताना तेवढंच. तरीही थेट विमानाला जायला साधारण आठ तास लागतात आणि यायला साडेनऊ-दहा. वडीलधाऱ्यांना घेऊन निघणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा, असं मी कळकळीनं सांगते. आमच्या आईच्या तो जिवावर बेतला होता.

तिकिटावर वेळ छापतात ती त्या त्या गावची. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. समजा, मुंबईहून रात्री आठला निघालात आणि टोकियोला सकाळी साडेसातला उतरलात, तर कागदावर साडेअकरा तास दिसतात. प्रवास मात्र आठ तासांचा. परतताना संध्याकाळी पाचला निघून रात्री साडेअकराला मुंबई, म्हणजे कागदावर साडेसहा तास आणि खरे दहा. जो प्रवास लांबचा, तोच कागदावर आखूड! आमच्या एजंटानं ‘येताना साडेसहा तासच’ असं सांगितलं आणि आईनं तेच धरून ठेवलं.

येताना वेळ लागतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. जपानवर हिवाळ्यात त्याचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. जाताना तो पाठीशी असतो, येताना समोरून झोंबतो.

आम्ही परतलो ते जानेवारीत. भाऊ टोकियोतल्या निशी-कासाईला राहतो, त्याच्याकडे गेलो होतो. आईला जेवणाआधी इन्सुलिन लागतं. विमानात पहिलं जेवण आलं तेव्हा जपानी वेळेनं संध्याकाळचे सात वाजले होते. तिनं इंजेक्शन घेतलं, जेवली आणि मग घड्याळ भारताच्या वेळेला लावलं. दुसऱ्यांदा खाणं आलं तेव्हा त्यात साडेआठ वाजलेले, म्हणजे तिची रोजची रात्रीच्या जेवणाची वेळ. तिनं पुन्हा तेवढंच इन्सुलिन घेतलं आणि अर्धा पाव खाऊन ताट सरकवलं. उतरण्याआधी तिचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम फुटला, शब्द अडखळायला लागले. विमानातल्या मुलींनी लगेच फळांचा रस दिला, थोड्या वेळानं आणखी दिला, तेव्हा ती सावरली.

म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी तिकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि कितव्या तासाला किती घ्यायचं हे लिहून आणावं. पूर्वेला जाताना दिवस साडेतीन तासांनी लहान होतो, येताना तितकाच मोठा. डोस ठरवताना हे त्यांना माहीत हवं. घेतलेला प्रत्येक डोस सोबतच्या माणसानं कागदावर टिपावा. इन्सुलिन, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा, सामानात टाकू नका. साखर किंवा ग्लुकोज खिशात असू द्या.

आणि विमानतळ कोणता, तेही बघा. हानेदा शहरातच आहे, पण नारिता टोकियोच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर. तिथून गाडीनं पुढे आणखी तास-दीड तास जातो, आणि त्या वेळात म्हाताऱ्या माणसाच्या खाण्याची सोय आपल्याजवळच लागते.